महीच्या पुलाअलीकडे

मित्रांनो, बडोद्याच्या सुभानपुऱ्यात एका गल्लीच्या टोकाशी कडुनिंबाखाली दुधी रंगाची एक जुनी मोटारगाडी उभी असते. तीच मी. माझ्या वयाच्या बहुतेक गाड्या केव्हाच भंगारात गेल्या. त्यांची दारे एका गावी, इंजिन दुसऱ्या गावी, अशी त्यांची गत झाली. मी मात्र अजून चालते. चढावर थोडी कुरकुरते, पण चालते. हे कोणामुळे घडले ते मला तुम्हाला सांगायचे आहे. गोष्ट बरीचशी एकाच रात्रीची आहे, पण त्या रात्रीपर्यंत मी कशी येऊन पोहोचले ते आधी सांगायला हवे.

माझा जन्म एका दूरच्या कारखान्यात झाला. पत्रे ठोकले गेले, जोडले गेले, त्यावर रंग चढला, आणि एके दिवशी माझ्यात पहिल्यांदा पेट्रोल पडले. तो पहिला हुंकार मला अजून आठवतो. मग मोठ्या ट्रेलरवर चढवून मला बडोद्याला आणले. तिथे लक्ष्मीकांतराव कारखानीस मला पाहायला आले. ते विद्यापीठाच्या कचेरीत नोकरीला होते. त्यांच्या घराण्यात आजे-पणजे संस्थानच्या काळात अधिकारी होते, त्यामुळे घरात प्रत्येक गोष्टीची एक रीत ठरलेली होती. पानात मीठ कुठे वाढायचे याची रीत होती, तशी गाडीचे दार कसे लावायचे याचीही झाली. कोणी धाडकन लावले की ते शांतपणे म्हणत, "ते दार आहे, फाटक नव्हे."

माझे स्वागत झाले ते चारुलताबाईंच्या हातून. त्या लक्ष्मीकांतरावांच्या पत्नी, मुलींच्या शाळेत भूगोल शिकवत. त्यांनी माझ्या कपाळावर कुंकवाचे स्वस्तिक काढले, चाकाखाली लिंबू ठेवले आणि कोणाच्या लक्षात येणार नाही इतक्या हळूच माझ्या स्टिअरिंगवरून हात फिरवला. शेजारच्या नयनाबेन पेढ्यांची थाळी घेऊन आल्या. त्या गुजराती, चारुलताबाईंच्या जिवाभावाच्या मैत्रीण. त्यांनी मला निरखून पाहिले आणि गुजराती-मराठीची खिचडी करत विचारले, "सरस गाडी छे. चारुबेन, तू कधी चालवणार?"

चारुलताबाई नुसत्या हसल्या.

ते माझे सुखाचे दिवस होते. दर रविवारी लक्ष्मीकांतराव मला स्वतः आंघोळ घालत. डाकोर, पावागढ, दीवचा समुद्र, नातेवाइकांच्या लग्नांना पुणे, सगळीकडे मी गेले. मागे त्यांचा मुलगा उन्मेष झोपलेला असे. डावीकडच्या जागेवर चारुलताबाई नकाशा मांडीवर घेऊन, संत्री सोलत बसलेल्या असत. "पुढे डावीकडे वळायचं," त्या सांगत. लक्ष्मीकांतराव उजवीकडे वळत, बरेच पुढे जात, आणि मग काही न बोलता गाडी मागे फिरवून डावीकडे येत. आम्हा तिघांनाही याची सवय झाली होती.

चारुलताबाईंनी गाडी शिकण्याचा विषय काढला नव्हता असे नाही. एकदा काढला तेव्हा उत्तर मिळाले की उन्मेष लहान आहे, जरा मोठा होऊ दे. तो मोठा झाल्यावर काढला तेव्हा रस्त्यावर रहदारी वाढली होती. लक्ष्मीकांतराव वाईट मनाने बोलत नसत. त्यांना ते खरेच वाटे. बाईही पुढे विचारायच्या राहिल्या.

मग वर्षे गेली. उन्मेषचे प्रियाशी लग्न झाले आणि ती दोघे त्याच्या कारखान्याजवळ तरसालीला राहायला गेली. त्यांची स्वतःची गाडी आली. इकडे लक्ष्मीकांतरावांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला, आणि डॉक्टरांनी त्यांना गाडी चालवायची नाही असे बजावले. त्या दिवशी ते दवाखान्यातून रिक्षाने घरी आले. माझ्याकडे न बघता आत गेले. संध्याकाळी बाहेर येऊन त्यांनी माझ्यावर राखाडी कापडाचे आवरण चढवले आणि त्याच्या दोऱ्या बांधल्या.

मित्रांनो, गाडीला सर्वांत जास्त त्रास कशाचा होतो ते सांगू? खड्ड्यांचा नाही, उन्हाचा नाही. उभे राहण्याचा. आवरणाखाली दिवस आणि रात्र सारखीच असते. माझ्या चाकांतली हवा हळूहळू गेली. बॅटरी मेली. एका मांजरीने माझ्या पोटाखाली दोनदा पिल्ले घातली, तेवढीच सोबत. दसऱ्याला चारुलताबाई येत, आवरण थोडे उचलून झेंडूची माळ घालत, आणि पुन्हा खाली सोडत. माझ्या आतले रबर वाळून कडक होत चालले होते. ते मला कळत होते, पण सांगणार कोणाला?

एके दिवशी नयनाबेन अमेरिकेला, मुलाकडे निघाल्या. निरोप घेताना त्यांनी चारुलताबाईंना सांगितले, "मी परत येईन तेव्हा अमदावादला तूच मला घ्यायला ये. टॅक्सीने नाही, हिच्यातून." आणि आवरणावरून माझ्या बॉनेटवर एक थाप मारली.

दुसऱ्याच दिवशी जेवताना चारुलताबाईंनी जाहीर केले की त्या गाडी शिकायला जाणार. लक्ष्मीकांतरावांना वाटले, आठवडाभराचे खूळ आहे. पण बाई जात राहिल्या. शाळेतून निवृत्त झालेल्या, गुडघ्याला पट्टा बांधणाऱ्या या विद्यार्थिनीला मोहना नावाची एक तरुण मुलगी शिकवत असे. क्लच सोडताना गाडी उडी मारायची आणि दोघी हसायच्या, असे बाई घरी येऊन सांगत. लायसन्स हातात आले त्या दिवशी त्यांनी माझ्या आवरणाच्या दोऱ्या सोडल्या. मेकॅनिक बोलावला. नवी बॅटरी आली, नवे टायर आले, तेल बदलले. इंजिनाच्या पुढचा पट्टा मात्र वरून बरा दिसत होता, म्हणून तो तसाच राहिला. आतून तो चिरलेला होता. त्या एका रबरी पट्ट्यावर माझा पंखा फिरतो, पाण्याचा पंप फिरतो आणि बॅटरी भरते. तो गेला की मी गेले, असे समजा.

पण तेव्हा मला त्याची पर्वा नव्हती. मी पुन्हा रस्त्यावर आले होते! बाजारात, देवळात, अलकापुरीत, बाई मला सगळीकडे नेऊ लागल्या. एकदा फाटकाच्या खांबाला माझी कूस घासली. ओरखडा लहानच होता, पण रविवारी आलेल्या उन्मेषने तो पाहिला आणि त्यावर दोनदा बोट फिरवून बघितले. तो वाईट मुलगा नव्हे. आईला काही झाले तर, या विचाराने त्याची झोप उडे. शहरात रिक्षा आहेत, फोनवरून गाडी मागवता येते, मग या वयात हे कशाला, असे तो म्हणत राहिला. शेवटी त्याने एक जुन्या गाड्या घेणारा माणूस शोधला. तो मला तोडून सुटे भाग विकणार होता. लक्ष्मीकांतराव एवढेच म्हणाले, "ठीक आहे." चारुलताबाईंनी त्यांच्याकडे पाहिले. माणूस पुढच्या रविवारी येणार असे ठरले.

आणि त्याच आठवड्यात, शुक्रवारी, नयनाबेनचे विमान उतरणार होते.

चारुलताबाईंनी उन्मेषला काही सांगितले नाही. सकाळीच मला पुसले, पाणी भरले, हवा बघितली. दुपारी निघताना लक्ष्मीकांतराव स्वच्छ सदरा घालून दाराशी उभे. "मी येतो," ते म्हणाले. "रस्ता कोण दाखवणार?" आणि आयुष्यात पहिल्यांदा ते माझ्या डाव्या दाराकडे गेले.

एक्सप्रेस-वेवर चढल्यावर बाईंचे हात स्टिअरिंगवर घट्ट झाले. मोठमोठे ट्रक शेजारून जात तेव्हा मीही थरथरायचे. पण त्यांनी आपली बाजू सोडली नाही आणि घाईही केली नाही. गंमत लक्ष्मीकांतरावांची होती. पुढच्या गाडीचे लाल दिवे लागले की ते उजवा पाय माझ्या जमिनीत असा काही रुतवत, की तिथे ब्रेक असता तर मी जागच्या जागी थांबले असते. नडियाद गेल्यावर त्यांचा पाय थोडा सैल झाला. अहमदाबाद आले तेव्हा ते चक्क घोरत होते.

विमानतळावर नयनाबेन दोन भल्या मोठ्या बॅगा घेऊन बाहेर आल्या. त्यांनी आधी मला ओळखले, मग लक्ष्मीकांतरावांना नमस्कार केला आणि इकडेतिकडे बघत विचारले, "ड्रायव्हर क्यां छे?"

"तुझ्यापुढे उभी आहे," चारुलताबाई म्हणाल्या.

नयनाबेनच्या हातातली बॅग खाली पडली. मग त्या दोघी एकमेकींना धरून अशा हसल्या की जाणारे-येणारे थांबून बघू लागले.

परतताना अंधार पडला. आत मात्र सण चालला होता. नयनाबेन अमेरिकेच्या गोष्टी सांगत होत्या. तिथे म्हणे कोणी फोन केल्याशिवाय कोणाच्या दाराची घंटा वाजवत नाही. त्यांनी शेजारच्या बाईला न विचारता ढोकळा नेऊन दिला, तर ती घाबरून नवऱ्याला हाक मारू लागली. मग शेवटी तीच रोज खिडकीत वाट बघू लागली. लक्ष्मीकांतरावही हसत होते. आणंदचा फाटा मागे पडला. महीचा पूल पुढे येणार होता. तो ओलांडला की आपले गाव आलेच, असे आम्हा सर्वांना वाटते.

तेवढ्यात माझ्या बॉनेटखाली 'पट्' असा आवाज झाला. कोणी ओला टॉवेल झटकावा तसा. आतल्या गप्पांत तो कोणाला ऐकूही आला नाही. पण मला कळले. पट्टा तुटला होता.

बाईंसमोर एक लाल दिवा लागला. लक्ष्मीकांतरावांनी अगदी जवळ वाकून तो पाहिला. "हा बॅटरीचा दिवा आहे, चारू," ते म्हणाले. "बॅटरी घरापर्यंत पुरते. चालव तू." आणि उजव्या हाताला आकाशात दूरवर दिसणाऱ्या तांबूस उजेडाकडे त्यांनी बोट केले. "ती बघ, बाजव्याकडची रिफायनरी दिसतेय. आता काय, घर आलं."

बाई चालवत राहिल्या. पण त्यांचे लक्ष त्या दिव्यावर राहिले नव्हते. शेजारी उष्णता दाखवणारा काटा असतो, तो वर सरकत होता. माझ्यातले पाणी फिरायचे थांबले होते, पंखा थांबला होता. माझे अंग भाजू लागले. मी वास सोडला, दुसरे काय करू शकत होते?

"अहो, हिला ताप चढलाय," चारुलताबाई म्हणाल्या.

"पुलापलीकडे थांबू. तिकडे उजेड तरी आहे. इथे जंगलात कुठे थांबतेस?"

"नाही. इथेच."

"चारू, मी इतकी वर्षं ही गाडी चालवलीय."

"हो. पण आता मी चालवतेय."

हे त्या मोठ्याने बोलल्या नाहीत. डावा इंडिकेटर लावला, वेग उतरवला, मला अगदी कडेच्या पट्टीत, लोखंडी कठड्याजवळ उभे केले आणि किल्ली फिरवली. मी शांत झाले. मित्रांनो, त्या वेळी त्या आणखी थोड्या पुढे गेल्या असत्या तर माझे इंजिन जाम झाले असते. मग रविवारी येणाऱ्या माणसाला मला ढकलतच न्यावे लागले असते, आणि चारुलताबाईंच्या हातात पुन्हा कोणी किल्ली दिली नसती. 'आम्ही म्हणत नव्हतो?' एवढे एकच वाक्य पुरेसे होते.

बॉनेट उघडले तेव्हा वाफेचा लोट उठला. नयनाबेन आपली पाण्याची बाटली घेऊन धावल्या. लक्ष्मीकांतरावांनी त्यांचा हात धरला आणि सांगितले, रेडिएटरचे झाकण आत्ता उघडायचे नाही, उकळते पाणी तोंडावर उडेल. गाडी आधी निवू दे. हे त्यांनी अगदी बरोबर सांगितले. नयनाबेनने ते पाणी मग स्वतःच पिऊन टाकले.

चारुलताबाईंनी महामार्गाच्या मदत क्रमांकावर फोन केला. गाडी येईल, पण पुढे एक अपघात झाल्यामुळे वेळ लागेल, असे कळले. मग त्यांनी दोघांना गाडीपासून दूर, कठड्यापलीकडे चलायला सांगितले.

लक्ष्मीकांतराव ऐकेनात. गुडघे दुखतात, बाहेर गार वारा आहे, आत बसू, काचा लावू, असे त्यांचे म्हणणे. दाराचे हँडल धरून ते आत बसायलाही निघाले.

तेव्हा चारुलताबाईंनी शाळेतला आवाज काढला. "लक्ष्मीकांत, बाहेर."

इतक्या वर्षांत त्यांनी पतीला नावाने हाक मारलेली मी ऐकली नव्हती. बहुधा त्यांनीही ऐकली नसावी. ते मुकाट्याने वळले. नयनाबेन आणि बाई, दोघींनी आधार देऊन त्यांना कठड्यावरून पलीकडे उतरवले.

आता अडचण अशी, की माझ्या डिकीत धोक्याचा लाल त्रिकोण असायला हवा होता, तो कधीच हरवला होता. माझे दिवे लुकलुकत होते, पण बॅटरी क्षीण होत चालली होती. अंधारात मी दिसणार कशी? नयनाबेन विचारात पडल्या आणि एकदम कठडा ओलांडून परत माझ्याकडे आल्या. डिकीतली मोठी बॅग उघडली. चॉकलेटे, साबण, स्वेटर बाजूला सारत त्यांनी एक भडक पिवळे जाकीट बाहेर काढले. त्यावर चांदीसारखे रुंद पट्टे होते. उजेड पडला की ते लखलखायचे.

"लक्ष्मीकांतभाई, हे तुमच्यासाठी. सवारे फिरायला जाता ने, म्हणून आणलं," त्या म्हणाल्या. "पण आत्ता गाडीला आपू या."

चारुलताबाईही इकडे आल्या आणि दोघींनी ते जाकीट माझ्या उघड्या डिकीवर पसरून बाह्यांनी बांधले. मला पहिल्यांदाच कोणी अंगरखा घातला होता. मग त्याही पलीकडे गेल्या आणि तिघे उतारावरच्या गवतात जाऊन बसले.

बराच वेळ काही झाले नाही. वाहने येत, जात. वाऱ्याने मी डोलत होते. तेवढ्यात मागून एक ट्रक आला. त्याचा चालक पेंगत असावा, कारण ट्रक आपली बाजू सोडून हळूहळू कडेच्या पट्टीत, थेट माझ्याकडे सरकत होता. मला पळता येत नव्हते. ओरडता येत नव्हते. त्याच्या दिव्यांचा झोत माझ्या पाठीवर पडला आणि जाकिटावरचे पट्टे पेटल्यासारखे चमकले. चालकाला जाग आली. ब्रेक किंचाळले, ट्रक झटक्यात उजवीकडे वळला, आणि त्याची मागची बाजू माझ्या उजव्या कुशीला चाटून गेली. माझा आरसा उडाला. दाराला, जिथे चालवणारा बसतो त्या दाराला, खोल पोचा पडला. ट्रक पुढे जाऊन सावरला आणि निघून गेला.

धूळ खाली बसली.

मग नयनाबेन म्हणाल्या, "आरसो गयो. आपणे रह्या ने? बस." आणि त्यांनी चॉकलेटचे पाकीट फोडले.

लक्ष्मीकांतरावांनी चॉकलेट हातात घेतले, पण खाल्ले नाही. ते माझ्या चेपलेल्या दाराकडे बघत होते. त्यांना नीट दिसत नसेल, पण आवाज त्यांनी ऐकला होता. नयनाबेन समजूतदार. फोनला रेंज बघते म्हणत त्या गवतातून थोड्या लांब गेल्या.

"चारू," लक्ष्मीकांतराव म्हणाले, "मी आत बसणार होतो."

"पण नाही बसलात."

त्यांनी चॉकलेटचा कागद सोलला. "गाडी विकायला मी हो म्हटलं ना, ते उन्मेषसाठी नाही," ते म्हणाले. "तू चालवणार आणि मी डावीकडे बसणार. तिथे बसून मी काय करायचं?"

"मी काय करत होते इतकी वर्षं? संत्री सोलत होते, आणि रस्ता बघत होते. फार छान दिसतो तिथून. तुम्हाला कधी बघायला मिळाला नाही."

"आता मला दिसत कुठे?"

"मी सांगत जाईन," चारुलताबाई म्हणाल्या.

लक्ष्मीकांतरावांनी चॉकलेट तोंडात टाकले. मला वाटते, त्यांना हसू आवरत नव्हते आणि आणखीही काही आवरत नव्हते. अंधार होता म्हणून बरे. थोड्या वेळाने त्यांनी स्वतःच उन्मेषला फोन लावला. फार काही सांगितले नाही. सगळे ठीक आहे, टोलनाक्याशी ये, इतकेच.

मदतीची गाडी आली. तिच्यातून समरजितसिंह नावाचे गृहस्थ उतरले. त्यांनी आधी माणसे मोजली, मग मागे रस्त्यावर धोक्याचे शंकू मांडले, मग बॉनेटमध्ये डोके घालून तुटलेल्या पट्ट्याचा तुकडा बाहेर काढला. पिवळे जाकीट बघून त्यांनी विचारले की हे कोणाच्या डोक्यातून निघाले. नयनाबेनने मान ताठ केली. मग त्यांनी तिघांना आपल्या गाडीत बसवले आणि माझी पुढची चाके उचलून मला मागे जोडले. दोन पायांवर चालणाऱ्या माकडिणीसारखी मी महीचा पूल ओलांडला. लाज वाटली, पण खाली नदी दिसली तेव्हा आनंदही झाला. ती पुन्हा दिसेल अशी खात्री थोड्या वेळापूर्वी मला नव्हती.

टोलनाक्याशी उन्मेष आणि प्रिया येऊन थांबले होते. उन्मेषने आधी आईला मिठी मारली. मग त्याने माझा चेपलेला दरवाजा पाहिला. घाबरलेल्या माणसाला राग लवकर येतो. न सांगता एवढ्या लांब, रात्रीच्या वेळी, अशा खटाऱ्यातून, असे तो भराभर बोलू लागला. चारुलताबाई मान खाली घालून ऐकत राहिल्या. दिवसभरात पहिल्यांदा त्या थकलेल्या दिसल्या.

"उन्मेष," लक्ष्मीकांतराव म्हणाले, "पुरे."

तो थांबला.

"गाडी मी चालवत असतो तर थांबवली नसती. घरापर्यंत रेटली असती आणि इंजिन जाळलं असतं. थांबल्यावर मी आत बसून राहणार होतो. तुझ्या आईनं मला बाहेर काढलं. हा पोचा बघ कुठे पडलाय. त्या दारामागे ती असती, शेजारी मी." त्यांनी चारुलताबाईंकडे हात केला. "मी आज इथे उभा आहे तो तिच्यामुळे. रविवारी त्या माणसाला येऊ नको म्हणून सांग."

उन्मेषने माझ्या दारावरचा पोचा हाताने चाचपून पाहिला. मग तो आईजवळ जाऊन उभा राहिला आणि तिथूनच त्या माणसाला येऊ नको असा निरोप धाडला. प्रियाने सगळ्यांसाठी चहा आणला. नयनाबेन म्हणाल्या, आठ महिने अशा चहासाठी जीव टाकला होता, आणि त्यांनी दोन कप घेतले.

सकाळी गॅरेजमध्ये मला नवा पट्टा बसला. इंजिनाला काही झाले नव्हते. मेकॅनिकने जुना तुकडा वाकवून दाखवला, त्यातल्या भेगा दाखवल्या, आणि सांगितले की हा धावून झिजलेला नाही, उभा राहून सुकलेला आहे. गाडी रोज चालली असती तर इतक्यात तुटला नसता. दाराचा पोचा बराचसा निघाला. माझ्या रंगाचा आरसा कुठे मिळेना, म्हणून काळा लावला. लोक बघून हसतात. हसू द्या.

त्यानंतर आम्ही डभोईला जाऊन आलो, चांपानेरला जाऊन आलो. चारुलताबाई चालवतात आणि सांगत जातात: आता डाव्या हाताला तलाव आहे, त्यात बगळे आहेत, आता एक उंट चाललाय, त्यावरचा माणूस मोबाइलवर बोलतोय. लक्ष्मीकांतराव डोळे मिटून ऐकतात आणि कधीकधी विचारतात, "किती बगळे?" पाय मात्र अजून रुततो. सवय जायला वेळ लागेल.

आणि काल संध्याकाळी काय झाले ते सांगते. प्रिया एकटीच तरसालीहून आली. तिच्याकडे लायसन्स आहे, पण लग्नानंतर तिने कधी गाडी चालवली नव्हती. उन्मेष होताच ना चालवायला. ती माझ्याभोवती एक चक्कर मारून म्हणाली, "आई, मला पुन्हा शिकवाल? हिच्यावरच?" चारुलताबाईंनी कमरेची किल्ली काढून तिच्या हातात दिली आणि त्या डावीकडच्या जागेवर जाऊन बसल्या. प्रियाने क्लच सोडला आणि मी अशी उडी मारली की झाडावरचे कावळे उडाले. पुन्हा लावली, पुन्हा उडी. तिसऱ्या खेपेला मी गल्लीच्या बाहेर होते.

म्हणून मित्रांनो, तुमच्या घरीही एखादी जुनी गाडी असेल, सायकल असेल, शिवणाचे यंत्र असेल, तर त्याला नुसते पुसून, माळ घालून झाकून ठेवू नका. आत डोकावून बघा. जे झिजले असेल ते वेळेवर बदला. आम्हाला वापरा, चालवा, थोडे ओरखडे पडू द्या. आम्ही थकून नाही संपत. कोणी हाक मारत नाही म्हणून संपतो. आणि घरात कोणी म्हणाले, मला हे शिकायचे आहे, तर त्यांचे वय मोजू नका. किल्ली द्या, शेजारी बसा, आणि धोक्याचा त्रिकोण डिकीत आहे ना, तेवढे निघण्यापूर्वी बघून घ्या.